साहेबांची सीट

शिरूरहून दौंडला जायला दोन तास पुष्कळ झाले. जयवंतआप्पांच्या जीपमधून निघालात तर मात्र दशम्या बांधून घ्या, पाण्याच्या दोन बाटल्या घ्या आणि दौंडला जो कोणी वाट बघत असेल त्याला जेवून घ्यायला सांगा. माझं माहेर दौंडचं. आप्पा महिन्यातून एकदा जनावरांची औषधं आणायला तिकडे जातात आणि जाताना मलाही नेतात, हे ऐकून माझी आई पहिल्यांदा म्हणाली होती, "किती चांगला माणूस गं!" आता ती नुसती म्हणते, "आप्पांबरोबर येतेस? मग भात उशिरा लावते."

आप्पा ताशी पंचवीसच्या वर जात नाहीत. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, ज्याच्या पुढे जायला आमचा अख्खा तालुका धडपडतो, तो आप्पांना हॉर्न देऊन पुढे जातो. रस्त्यात कुत्रं आडवं पसरलेलं दिसलं की जीप थांबते. आप्पा खाली उतरतात, त्याची विचारपूस करतात, ते उठलं तर ठीक, नाही उठलं तर वळसा घालतात. मुंगूस आडवं गेलं तर त्याच्या मागून घरची मंडळी येतायत का ते बघायला थांबतात. पारगावच्या पुलावर तर आम्ही एकदा एका गोगलगायीसाठी थांबलो होतो, आणि ती घाईत नव्हती.

आता खरी गंमत सांगते. हा माणूस एके काळी मोटारींच्या शर्यतीत गाडी चालवायचा.

रॅली म्हटलं की आमच्याकडे लोकांना झेंडे आणि भोंगा आठवतो. आप्पांची रॅली वेगळी. चिखलातून, घाटातून, ओढ्यातून बेफाम गाडी पळवायची आणि घड्याळाशी भांडायचं. तरुणपणी त्यांना भर पावसात पाणी चढलेल्या ओढ्यातून जीप काढताना पुण्याच्या एका कारखानदारानं पाहिलं आणि थेट शर्यतीच्या गाडीत नेऊन बसवलं. त्या काळात मिळालेले कप अजून वस्तीवर आहेत. पहिल्या नंबरच्या कपात कुत्री पाणी पितात, दुसऱ्या नंबरच्या कपात मांजरं, आणि तिसऱ्या नंबरचा एक मोठा चांदीच्या रंगाचा कप आहे, त्यात प्रमिला भिजवलेली हरभऱ्याची डाळ खाते. प्रमिला ही आप्पांची गाढवी. आप्पांकडे जनावरांची नावं अशीच असतात. शालन ही म्हैस, वसंत हा एका डोळ्याचा बोका. पहिल्यांदा वस्तीवर गेले तेव्हा "वसंता, पावण्यांना जागा दे" हे ऐकून मी एका म्हाताऱ्या गृहस्थांची वाट बघत उभी राहिले होते.

सगळ्यांत म्हातारं म्हणजे पाहुणा नावाचं एक लंगडं कुत्रं. ते कायम जीपमध्ये, पुढच्या सीटच्या पायापाशी पसरलेलं. दहा वर्षं राहिलेल्या कुत्र्याला पाहुणा का म्हणायचं, असं मी विचारलं, तर आप्पा म्हणाले, "आणला तवा दोन दिस ठिवीन म्हणलं व्हतं. त्यानं मनावर न्हाई घेतलं."

सीटच्या पायापाशी कुत्रं, पण सीटवर कोणीही नाही. जीपमधली डावीकडची पुढची सीट कायम रिकामी. पहिल्या फेरीला मी तिथं बसायला गेले, तर आप्पांनी हातानंच अडवलं. "ती साहेबांची सीट हाय. तुमी मागं बसा, ताई." तेव्हापासून मी मागे, औषधांची खोकी आणि कधीकधी एखादी आजारी शेळी यांच्यामध्ये.

साहेब म्हणजे नॅव्हिगेटरसाहेब. शर्यतीत ड्रायव्हरच्या शेजारी एक जण वही घेऊन बसतो आणि पुढचं वळण आधीच ओरडून सांगतो. "उजवं तीन, लांब, कापू नका." एक म्हणजे काटकोनात वळण, पाच म्हणजे स्टिअरिंगला नुसतं बोट लावलं तरी पुरे. कापू नका म्हणजे आतल्या कडेनं घुसू नका. ड्रायव्हर डोळ्यांनी बघतो त्याच्याही पुढचं कानानं ऐकतो. आप्पा हे सगळं सांगताना हमखास म्हणायचे, "आमचे नॅव्हिगेटरसाहेब लई कडक. गाडी उलटली तरी वही सोडायचे न्हाईत." वस्तीवर एक फोटो आहे. चिखलानं माखलेल्या गाडीला टेकून दोघं उभे, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. उंच ते आप्पा. दुसरा ठेंगणा, हातात वही घट्ट धरलेला. हा ठेंगणा गडी पलटणीतून निवृत्त झालेला, मिशीवाला आणि तिरसट असणार, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

आप्पांचं सगळं बोलणं या वळणांचं. नवे सरपंच कसे आहेत विचारलं तर म्हणाले, "डावं पाच. दिसाया सोपं, पर खाली वाळू हाय." माझ्या नवऱ्याला एकदा पाहिलं आणि निकाल दिला, "सरळ रस्ता. झोप येती, पर धोका न्हाई." यावर मी अजूनही हसावं की रागवावं ते ठरवलेलं नाही. आणि कोणी झाल्या गेल्याचं रडगाणं सुरू केलं की आप्पांचं एकच वाक्य, "पुढचं वळण बोला."

माझे सासरे वारले तेव्हा आप्पा भेटायला आले. आलेला प्रत्येक जण काय झालं, कसं झालं, कोणत्या डॉक्टरला दाखवलं, हे विचारत होता आणि मी तेच तेच सांगत होते. आप्पा पाणी प्यायले आणि म्हणाले, "पुढचं वळण बोला, ताई. दुकान कवा उघडताय?" मला भयंकर राग आला. पण तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान पुन्हा उघडलं, तेव्हा दाराबाहेर आप्पा जीप लावून बसलेले होते. त्या दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून.

माझं दुकान म्हणजे टायपिंगचं. कचेरीच्या रस्त्याला, झेरॉक्सच्या शेजारी. अर्ज, प्रतिज्ञापत्र, लग्नपत्रिका, काहीही. लग्न होऊन शिरूरला आले त्याला आठ वर्षं झाली, आणि दुकान उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात आप्पा एक जाड वही घेऊन आले. "कादंबरी हाय. टाईप करा." वहीची पहिली वीसेक पानं रबर लावून बंद केलेली होती. मी रबर काढायला गेले, तर म्हणाले, "ती न्हाई छापायची. त्याच्या म्होरनं सुरू करा."

कादंबरीचं नाव 'डावं तीन, खाली वाळू'. त्यानंतर आणखी दोन झाल्या. आप्पांचं वाक्य चार शब्दांच्या वर जात नाही. शुद्धलेखनाबद्दल मी बोलत नाही, कारण मला रक्तदाब आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की माझ्या हातून लग्नपत्रिकेतली देवाची नावंसुद्धा सुटत नाहीत. पण आप्पांची गोष्ट मात्र पकडून ठेवते, हे कबूल करते. दुसऱ्या कादंबरीत नायकाच्या मागे गुंड लागलेत, जीव मुठीत धरून गाडी पळतेय, आणि समोर मेंढरांचा कळप येतो. नायक थांबतो. गुंडही थांबतात. पुढची अकरा पानं मेंढरं रस्ता ओलांडतात.

मी म्हणाले, "आप्पा, ऐन पाठलागात अकरा पानं मेंढरं?"

"दोनशे मेंढरं हायत, ताई. घाई करून कसं चालंल?"

"पण गुंड कशाला थांबतील?"

आप्पांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की गुंड झाले म्हणून काय माणसं नव्हेत! शेवटी अकरा पानं तशीच छापली. आप्पा लग्नात आहेर म्हणून कादंबरीच देतात. रांजणगावच्या कंपनीची बस चालवणारे सलीमभाई सांगतात, की बसमधली निम्मी पोरं शिफ्टला जाताना ती अकरा पानं वाचतात आणि कंपनी आली तरी मेंढरं संपलेली नसतात.

तर असे हे आप्पा गेल्या साली माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "अर्ज लिवायचा. आमच्या चिंचंच्या वळणाव गतिरोधक पायजे."

झेरॉक्सवाल्याच्या हातातून कागद पडले. शर्यतीत ज्यानं कधी ब्रेकला पाय लावला नाही, तो माणूस गतिरोधक मागत होता.

आप्पांची वस्ती न्हावऱ्याच्या अलीकडे. वस्तीजवळ रस्ता चिंचेखालून उजवीकडे वळतो. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला ओढा. उसातून पाण्यावर जाणारं प्रत्येक जनावर तिथंच रस्ता ओलांडतं, आणि तिथंच ट्रॅक्टर, डंपर आणि कंपनीच्या बसगाड्या उतारानं सुसाट येतात. आप्पा दर आठ-पंधरा दिवसांनी फावडं घेऊन जातात आणि काय मेलं असेल ते चिंचेखाली पुरतात. त्यांना एवढंच हवं होतं, की फावडं घेऊन जाणं थांबावं. पण गावाला गतिरोधक नको होता. ट्रॉलीतून ऊस सांडेल म्हणून ट्रॅक्टरवाले विरोधात, आणि सगळ्यांत जोरात सलीमभाई. "आप्पा, एक गतिरोधक झाला की धा हुत्यात. समदी शिफ्ट लेट. साठ माणसांची हजेरी जाईल, ती कोण भरून देणार? तुमची प्रमिला?"

आप्पांनी खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्या टेबलावर ठेवली. तिच्यावर तेरा नावं. "ही त्या वळणाव गेलेली, नाव व्हतं तेवढीच. ही खाली टाका."

"नावांपुढे कंसात कुत्रं, शेळी असं लिहायला हवं, आप्पा."

"न्हाई. नुसती नावं. मेल्याव बी जात इचारायची का?"

मी वर 'मयतांची नावे' असं जाड अक्षरात टाकलं. चिठ्ठीतल्या नावांना काही क्रम दिसेना, म्हणून माझ्या सवयीनं ती अकारविल्ह्यानं लावली. काळू, गंगी, चंपी असं सुरू होऊन शेवटी सुमन आणि हिरा. हिरा ही घोडी, हे मला माहीत होतं. सुमन ही कोणीतरी म्हैस असणार, असं धरून चालले. प्रमिला आणि शालन पाहिलेल्या बाईनं दुसरं काय धरावं? आप्पांनी छापलेला कागद वाचला, क्षणभर थबकले, मग सही केली.

हा अर्ज कुठल्या कचेरीत कुठल्या टेबलावर गेला ते सांगत नाही. पण एका वळणावर तेरा मयत, हे वाचून तिथं एकच धावपळ झाली, आणि पाचव्या दिवशी एक तरुण अभियंता फाईल, टेप आणि घामाघूम चेहरा घेऊन चिंचेखाली हजर झाला. आप्पांनी मलाही जीपमधून नेलं. "अर्ज तुमी टाईप केलाय. तुमी पायजे."

अभियंत्यानं आधी सांत्वन केलं. मग विचारलं, "मयतांचे वारस कोण?"

"मीच."

"सगळ्यांचे?"

"माझ्या दारात वाढलेली हायत. माझ्याबिगर कोण?"

अभियंत्यानं फाईल उघडली. मग त्यानं हळूच सुरुवात केली. "काळू. वय?"

"सा वर्सं."

"अरेरे! एवढा लहान! रस्त्यावर एकटा कसा सोडला?"

"ट्रॉलीमागं पळायचा नाद व्हता."

"गंगी?"

"तीन वर्सं. डंपरखाली."

अभियंत्यानं रुमालानं कपाळ पुसलं. "चंपी?"

"चार वर्सं. आठ पिल्लं मागं ठिवून गेली."

अभियंत्यानं चार लिहिलं, आठ लिहिलं, मग दोन्ही आकडे पुन्हा पाहिले. माझ्या तोंडात पदर होता. "आप्पा," तो म्हणाला, "चंपी म्हणजे नक्की कोण?"

"कुत्री. सोन्यासारखी कुत्री."

एव्हाना आमच्या जीपनं अर्धा रस्ता अडवला होता. दुपारच्या शिफ्टची बस मागे येऊन थांबली आणि सलीमभाई तावातावानं उतरले. त्यांना प्रकार कळला तसे ते पोट धरून हसायला लागले. बसच्या खिडक्यांतून पोरं हसायला लागली. अभियंत्याचा चेहरा लाल झाला. त्यानं पेनानं एकेक नाव खोडायला सुरुवात केली. "काळू?" "कुत्रं." खोडलं. "गंगी?" "शेळी." खोडलं. "मोत्या?" "कुत्रं." "राजा?" "उदमांजर. ते पाळलेलं नव्हतं, येऊन-जाऊन असायचं." प्रत्येक नावाला बसमधून हशा. आप्पा मान खाली न घालता एकेकाची जात सांगत होते. मला पहिल्यांदाच त्यांची काळजी वाटली. अर्ज तर गेलाच, वर गावासमोर शोभा झाली.

"सुमन?" अभियंत्यानं पेन टेकवला. "ही काय, म्हैस?"

हसणारे सलीमभाई एकदम गप्प झाले. त्यांनी मागे वळून बसकडे हात केला आणि पोरंही गप्प झाली.

"ते आमचे नॅव्हिगेटरसाहेब," आप्पा म्हणाले.

अभियंत्याला काही कळेना. मला तर नाहीच.

"माझी मंडळी," आप्पा म्हणाले. "जन्मात नाव घेतलं न्हाई. अर्जात घेतलं."

सलीमभाई पुढे आले. "साहेब, ते नाव खोडू नका. मी व्हतो इथं. काकू न्हावऱ्याच्या बाजारातनं स्कूटीव येत व्हत्या. कुत्र्याचं पिल्लू आडवं आलं, त्यांनी ब्रेक दाबला. मागनं डंपर व्हता." त्यांनी जीपकडे बोट दाखवलं. पाहुणा सीटखालून मान वर करून आमच्याकडेच बघत होता. "ह्योच तो. पाय तवाच मोडला त्याचा."

व्याकरणाची एवढी घमेंड मला! 'साहेब म्हणायचे', 'साहेब सोडायचे न्हाईत', हे आठ वर्षं ऐकत आले आणि त्या आदरार्थी बहुवचनाला मी मिशा लावून ठेवल्या होत्या. वस्तीवरच्या भिंतीला हार घातलेला नऊवारीतल्या बाईंचा फोटो मी शंभरदा पाहिला होता, त्या आप्पांच्या मंडळी हेही माहीत होतं, नाव मात्र कधी विचारलं नव्हतं. शेजारच्या फोटोतलं हेल्मेट घातलेलं ठेंगणं माणूस त्याच बाई आहेत, हे मला सुचलं नाही. आप्पांच्या चिठ्ठीत सुमन हे नाव पहिलं होतं. मी ते बाराव्या जागी नेऊन बसवलं, म्हैस समजून. माझी मलाच इतकी लाज वाटली की मी आप्पांकडे बघू शकले नाही.

अभियंता चांगला होता. त्यानं पेन खिशात ठेवला, टोपी काढली आणि म्हणाला, "आप्पा, एका नावावर माझ्याकडून होणार नाही. नियमात बसत नाही. गावाची मागणी आली, रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या सह्या आल्या, तर मी स्वतः पाठपुरावा करीन."

आप्पांनी मान हलवली. "गाव न्हाई करायचं," ते म्हणाले आणि जीपकडे वळले. मी त्यांना असं वळताना कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या वळणाचं नाव न घेता.

"ताई," सलीमभाई मला म्हणाले, "कोरा कागद हाय का?"

माझ्या पिशवीत कोरे कागद नसतील असं होत नाही. सलीमभाई ते घेऊन बसमध्ये चढले, दार लावून घेतलं आणि आतून त्यांचा आवाज आला, "मेंढरांची पानं फुकट वाचताय ना रं? मंग करा सह्या!" त्या दिवशी शिफ्ट लेट झाली. साठ सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सलीमभाईंनी ट्रॅक्टरवाल्यांच्याही आणल्या, कशा ते मी विचारलं नाही. पहिली सही त्यांची स्वतःची होती.

मी अर्ज पुन्हा टाइप केला. खाली तेरा नावं, आप्पांच्या चिठ्ठीतल्या क्रमानं. आप्पांनी पहिल्या नावावरून अंगठा फिरवला आणि सही केली.

गतिरोधक व्हायला सहा महिने लागले. झाला तेव्हा आप्पांनी त्याला नारळ फोडला आणि खोबरं कुत्र्यांना वाटलं. त्यानंतर आजपर्यंत फावडं तीनदाच निघालंय, त्यातलं एकदा शेवग्याचं रोप लावायला.

मागच्या आठवड्यात दौंडला निघालो. मी नेहमीसारखी मागे चढायला गेले, तर आप्पांनी पुढचं डावं दार उघडलं. "बसा."

"आप्पा, ती साहेबांची..."

"मागं पिरमिलेच्या डाळीचं पोतं हाय. बसा."

मी बसले. पाहुण्यानं माझ्या पायावर मान टाकली. आप्पांनी डॅशबोर्डखालून ती जुनी वही काढली, पहिल्या पानांवरचं रबर काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवली. "ती गेल्याव उरलेली पानं कोरी व्हती. मोकळी कशी ठिवायची, म्हणून कादंबरी लिवली. ही तिची हायत. घरच्या रस्त्याव शिकायचो आमी, शर्यतीच्या आधी."

शिरूर ते दौंड, सगळा रस्ता वळणावळणानं लिहिलेला. गोल, ठसठशीत अक्षर. आणि शुद्धलेखन! एकही ऱ्हस्व-दीर्घ जागेवर नव्हता. माझी बोटं शिवशिवली नाहीत, हे मी नमूद करून ठेवते.

जीप पंचवीसनं निघाली. मी वाचत गेले, आप्पा ऐकत गेले. पुढं उतार दिसला, चिंच दिसली, आणि मी वहीत बघितलं. तिथं लिहिलं होतं, "ऊजवं तिन. चिंच. हळु घ्या, हितं कूत्री आसत्यात."

मी ते मोठ्यानं वाचलं, शेवटपर्यंत. आप्पांनी ब्रेकवर पाय ठेवला. जीप गतिरोधकावरून हळूच वर झाली, हळूच खाली आली. पाहुण्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. समोरून सलीमभाईंची बस येत होती, तीही हळू झाली, आणि त्यांनी हात वर केला. आप्पा नुसते समोर बघत राहिले, डोळ्यांत पाणी आलेलं तसंच ठेवून.

मग त्यांनी गिअर बदलला.

"पुढचं वळण बोला, साहेब."

मी पान उलटलं. "डावं दोन, आप्पा. लांब. कापू नका."